पहिल्या खेपेला नाही

कुठलीही वस्तू समोर आली की डाव्या हाताची दोन बोटं तिच्या कडेला लावायची आणि ती अलगद पलीकडे सरकवायची. मग तो चहाचा कप असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर भाजीवाल्यानं कौतुकानं पुढे केलेला दुधी भोपळा. सरकवून झालं की चष्म्याच्या वरून बघत म्हणायचं, "पुनः प्रस्तुत करें."

हे आमचे घरमालक काका. रायपूरच्या चौबे कॉलोनीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी माझं ऑफिस थाटलं होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, सुटे भाग जोडून घेतलेला एक कॉम्प्युटर, एक खडखडणारा कूलर आणि मी. पुण्यातली नोकरी सोडून गावी परत आले होते आणि मोबाईलची ॲप बनवते असं लोकांना ऐटीत सांगत होते. खरं तर निम्मा दिवस ॲप का चालत नाही हे शोधण्यात जायचा आणि उरलेला निम्मा, मघाशी मग का चालत होतं, हे शोधण्यात.

काका सरकारी दफ्तरातून बडे बाबू म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील गोंदियाकडून रेल्वेच्या नोकरीत इथं आले, काका इथंच वाढले. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, दफ्तरं वाढली, फायली वाढल्या, तसं काकांचं 'पुनः प्रस्तुत करें'ही वाढत गेलं. नियम साधा होता. पहिल्या खेपेला आलेला अर्ज अक्षर न अक्षर वाचायचा आणि परत करायचा. "गरज खरी असन तं मानूस पुन्हा येते. नसन तं त्याचं बी काम वाचते अन् आपलं बी." दुसऱ्या खेपेला मात्र लगेच सही. तिसरी खेप त्यांनी कुणाला घालायला लावली नाही, असं त्यांना शिव्या देणारेही कबूल करायचे. असा एखादा बाबू तुम्हीही पाहिला असेल. पण निवृत्तीनंतर घरीसुद्धा दफ्तर चालवणारा नसेल पाहिला.

खोली भाड्यानं मागायला गेले तेव्हा त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, कुठली, कोणाची, काय करते, आणि म्हणाले, "नाही जमत." मी अपमान गिळून फाटकापर्यंत आले तर मागून काकू धावत आल्या. "अवं पोट्टे, उद्या ये ना! पहिल्यांदा नाहीच म्हन्तात ते." दुसऱ्या दिवशी गेले तर खोली धुऊन पुसून तयार, कूलरमध्ये वाळ्याची नवी खस भरलेली आणि किल्ली टेबलावर. म्हणजे 'नाही' म्हटल्या म्हटल्या ह्या माणसानं झाडू हातात घेतला होता.

काकू म्हणजे बोलण्याचा झरा. हसायला सुरुवात केली की पदर तोंडात कोंबावा लागायचा. "माह्या बाबांनी स्थळ आनलं तं यांनी बी अन् यांच्या घरच्यांनी बी नाही म्हनून सांगतलं," त्या मला सांगायच्या. "बाबा बिचारे वापस आले. मंग आईनं पुन्हा धाडलं तं हे धोतराचा जोड घेऊन बसलेलेच! मी पुनः प्रस्तुत झालेली बाई आहे वं!" काका पेपराच्या आडून म्हणायचे, "मंग? गरज खरी होती ना?"

आणि मग काकूंना लकवा झाला.

उजवा हात गेला, तो थोडाफार परत आला. बोलणं गेलं ते परत आलं नाही. समजायचं सगळं. कोण आलं, काय म्हणालं, भाजीत मीठ आहे की नाही, सगळं. पण तोंडातून फक्त 'बा, बा' एवढंच. उशाशी एक स्टीलची थाळी आणि चमचा ठेवला होता. काही हवं असलं की त्या डाव्या हातानं थाळी वाजवायच्या आणि काका जिथं असतील तिथून धावायचे.

धावायचे, पण पुढे काय? "पानी? पंखा? उशी? पाय दुखून राहिला का?" काकू मान हलवायच्या, नाही. "चादर? दवा? पोरीले फोन लावू?" नाही, नाही. मग काकू रागानं रडायच्या आणि काका थाळीकडे बघत बसायचे. मी वरून ऐकायचे. ज्या बाईला एका दुधी भोपळ्यावर अर्धा तास बोलता यायचं, तिला खिडकी उघडा एवढं सांगता येत नव्हतं.

म्हणून मी शहाणपणा केला. म्हटलं, "काका, मी ॲप बनवून देते. फोनवर चित्रं राहतील. काकूंनी चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलेल. चहा, पाणी, खिडकी."

काकांनी दोन बोटांनी माझं बोलणं हवेतच सरकवलं. "नोको."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं. काका नवा फोन विकत घेऊनच बसले होते. मोठ्या पडद्याचा, काकूंचं बोट चुकू नये म्हणून.

मी म्हटलं, दोन-चार दिवसांचं काम. अन् खरंच ॲप झालंही. आता, आमच्या धंद्यात ॲप आधी एका खोट्या फोनवर चालवून बघतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच फोनचं एक सोंग उभं राहतं, त्याला एम्युलेटर म्हणतात. माझ्या कॉम्प्युटरवर ते सोंग उभं राहायला इतका वेळ लागायचा की मी खाली जाऊन चहा करून, पिऊन, कप धुऊन यायचे. पण उभं राहिलं की झकास. मी काकांना वर बोलावलं, माउसनं पेल्याच्या चित्रावर टिचकी मारली आणि कॉम्प्युटर मशीनच्या आवाजात म्हणाला, "पाणी."

काकांनी पडद्यावर बोट ठेवून पाहिलं. काही झालं नाही, फक्त काचेवर बोटाचा डाग पडला. मग त्यांनी वाकून टेबलाखालचा तो भलामोठा डबा पाहिला आणि विचारलं, "पन हा फोन खाली तुह्या काकूपाशी कसा नेशीन वं?"

हाच तर सगळा प्रश्न होता. खोट्या फोनवरचं ॲप खऱ्या फोनमध्ये न्यायचं, म्हणजे खरा फोन तारेनं कॉम्प्युटरला जोडायचा. मी म्हटलं, "आता नेते, पाच मिनिटांत."

आधी फोनला सांगावं लागतं की तुला जोडणारी बाई कारागीर आहे. त्यासाठी सेटिंगमध्ये खोल जाऊन एका आकड्यावर सात वेळा टिचकी मारायची, मग तो लपवलेला कप्पा उघडतो. काका फोन काही माझ्या हातात देईनात. त्यात त्यांनी आपलंच सिम घातलं होतं, पेन्शनचे मेसेज येतात, आणि नागपूरच्या मुलीनं बजावलं होतं, फोन कोणाच्या हातात द्यायचा नाही. म्हणून टिचक्या त्यांनीच मारल्या. चौथ्या-पाचव्या टिचकीपर्यंत काही घडेना तसे ते खुश झाले. "हा फोन बराबर आहे. मागतलं का देल्लं, असं नाही."

तार लावली. एक टोक कॉम्प्युटरला, दुसरं काकांच्या हातातल्या फोनला. ते माझ्या मागं स्टुलावर बसलेले, मी पडद्याकडे तोंड करून. यादीत फोन दिसला, पण शेजारी शेरा: परवानगी नाही. मागं न वळता मी विचारलं, "काका, फोन काही विचारून राहिला का?"

"नाही. काही नाही विचारून राहिला."

इथं माझी अक्कल सुरू झाली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं मी आधी तारेला नावं ठेवली. जयस्तंभ चौकात जाऊन नवी तार आणली. ती निघाली नुसती चार्जिंगची. फोन भरायचा, बोलायचा नाही. काका म्हणाले, "बॅटरी तं छान वाढून राहिली." मी जुनी तार परत काढली.

मग इंटरनेटवर कुणीतरी सल्ला दिला होता, कॉम्प्युटरनं स्वतःची ओळख जिथं साठवलेली असते तो फोल्डरच पुसून टाका, नवी ओळख आपोआप बनते. पुसला. पुन्हा जोडलं. परवानगी नाही. "काका, फोनवर काही आलं?" "काही नाही." मग मैत्रिणीचा लॅपटॉप शंकर नगरातून स्कूटीवर पायांत धरून आणला. परवानगी नाही. तो परत केला आणि माझ्याच कॉम्प्युटरवर तो जोडणी करणारा प्रोग्राम काढला, घातला, बंद केला, चालू केला. पुढची भोकं, मागची भोकं, सगळीकडे तार घालून झाली. दर वेळी तार लावायच्या आधी मी तो ओळखीचा फोल्डर पुसत होते, कारण पहिल्यांदा पुसल्यावर मला फार काही केल्यासारखं वाटलं होतं.

आणि मधूनमधून खालून थाळी वाजायची. काका तार काढून, फोन खिशात टाकून, गुडघ्यावर हात ठेवत जिना उतरायचे. "पानी? उशी? पंखा?" मग परत वर यायचे, स्टुलावर बसायचे आणि फोन पुढे धरायचे. त्यांनी मला एकदाही 'कधी होईन' असं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडले तरी असते.

शेवटी मी कॉम्प्युटरच फॉर्मेट केला. ॲप तेवढं आधी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलं, बाकी सगळं साफ, कोरी पाटी. हे करताना माझ्या लक्षात आलं नाही की त्या पाटीवर माझा एम्युलेटरही होता. तो परत घातला तर उठेना. कॉम्प्युटर सुरू होताना जी एक आतली सेटिंग चालू करावी लागते ती कुठं असते हेच मी विसरले होते. म्हणजे आता माझ्याकडे ना खरा फोन होता ना खोटा. आठ वर्षं पुण्यात मी काय केलं, असा प्रश्न मला आईनं विचारला असता तर मी रडले असते.

त्या दिवशी काका म्हणाले, "पोट्टे, तुहा डबा खाली घे. मले जिना नाही होत आता घडी घडी."

मी डबा, पडदा, कीबोर्ड सगळं खाली नेऊन काकूंच्या पलंगाशेजारी मांडलं. काकूंच्या समोर फजिती व्हायची तेवढी बाकी होती. काका पलंगाच्या कडेला, फोन हातात. मी तार जोडली. यादीत फोन आला. परवानगी नाही. मी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात थाळी वाजली. अशी वाजली की मी दचकले. काकू चमच्यानं थाळी बडवत होत्या आणि हसत होत्या. लकवा झाल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांत पाणी, आणि हसू आवरत नाही. चमचा फोनकडे, मग काकांकडे, मग माझ्याकडे. मी "पाणी?" म्हटलं. काकूंनी चमचा टाकून दिला, डावा हात माझ्यासमोर धरला, दोन बोटं पुढे केली आणि हवेतच काहीतरी अलगद पलीकडे सरकवलं.

मी हळूच काकांकडे वळले. "काका, फोननं आता काय विचारलं होतं?"

"अनुमती मागून राहिला होता."

"मग?"

"वापस केली."

"आणि याच्या आधी?"

"तेव्हा बी वापस केली."

"अहो काका, मी दरवेळी विचारत होते ना, फोन काही विचारून राहिला का म्हणून!"

"तू विचारे तेव्हा काही नाही विचारे तो. त्याच्या आधी विचारे. मी लगेच निपटवून टाकत होतो, काम बाकी नाही ठेवत आपन."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी डोकं धरलं. "पण काका, तुमचा नियम आहे ना? दुसऱ्या खेपेला सही! इतक्यांदा मागितली त्यानं!"

काका पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "दुसऱ्यांदा कुठं आला तो? खाली त्याचा अंगठा राह्यते का नाही? लांबच्या लांब आकडे! मी दरवेळी शेवटचे आकडे पाहून घेतो. हर बार नवा अंगठा! नवा अर्जदार! पहिल्यांदाच आलेल्याले मी अनुमती देऊ कशी?"

आणि ते खरं होतं. परवानगी मागताना कॉम्प्युटर आपल्या ओळखीचा ठसा फोनवर दाखवतो. आम्ही सगळे तो न वाचता 'हो' दाबतो. माझ्या ओळखीत तो वाचणारा आणि लक्षात ठेवणारा एकच माणूस आहे. मी फोल्डर पुसत होते, लॅपटॉप बदलत होते, फॉर्मेट करत होते, आणि दर खेपेला एक नवाच अर्जदार काकांच्या दारात उभा करत होते. मी काहीही न करता नुसती तार काढून पुन्हा लावली असती, तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं. काही न करणं तेवढं मला सुचलं नाही.

"आता पुन्हा लावते," मी म्हटलं. "कशालाच हात न लावता."

तार काढली, लावली. फोन थरथरला. काकांनी चष्मा वर केला, आकडे ओठांतल्या ओठांत पुटपुटले, मान डोलावली. "तोच आहे." आणि बोट टेकवलं. खाली एक चौकोन होता, ह्या कॉम्प्युटरला कायमची परवानगी द्यायची का म्हणून. त्याला त्यांनी हात लावला नाही. "हमेशासाठी आपन कोनालेच देत नाही."

ॲप फोनमध्ये शिरलं. काकूंनी पेल्यावर बोट ठेवलं. मशीन म्हणालं, "पाणी." काकूंनी तोंड वाकडं केलं, फोन बाजूला ठेवला आणि काकांच्या गळ्याकडे बोट दाखवलं. त्यांना तो परका आवाज नको होता.

मग आम्ही काकांचा आवाज भरला. चहा, पाणी, खिडकी उघडा, पाय चेपा, पोरीले फोन लावा. सगळं एका दमात, दफ्तरी थाटात. 'नाही'चं बटण आलं तेव्हा काका खाकरले आणि म्हणाले, "नाही. पुनः प्रस्तुत करें." काकू इतक्या हसल्या की मी ते तसंच ठेवलं.

अडलं ते 'हो'पाशी. "काका, हो म्हणा." "पाहू," काका म्हणाले. "पाहू नाही, हो." "विचार करून सांगतो." "काका!" जन्मभर ज्या माणसानं पहिल्या खेपेला हो म्हटलं नाही त्याच्या गळ्यातून ते निघेच ना. शेवटी काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. काका मान खाली घालून हळूच म्हणाले, "हव." आमच्या छत्तीसगडचं हव, अगदी मऊ. नेमकी त्याच वेळी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि तीही त्यात भरली गेली. मी म्हटलं पुन्हा करू, काका म्हणाले, "पुन्हा नाही होत वं माह्यानं."

पुढची वर्षं त्या घरात काकांवर काकांचाच हुकूम चालला. खोलीतून काकांचा आवाज यायचा, "चहा." स्वयंपाकघरातून काका ओरडायचे, "पुनः प्रस्तुत करें!" काकू पुन्हा बटण दाबायच्या, "चहा." की लगेच कप हजर. मी वर बसून ऐकायचे आणि माझं कुठलं ॲप कुठल्या फोनवर चालत नाही याचं मला काही वाटायचं नाही.

एकदा काकांच्या छातीत दुखलं. दवाखान्यातून परत आले तेव्हा फाटकातच मला म्हणाले, "यम आला होता. वापस केला." मी हसले. नंतर वर जाऊन नियम आठवला तेव्हा हसू गेलं. वर्षभरानं तो पुन्हा आला. काका नियमाला पक्के होते.

तेराव्यानंतर त्यांची मुलगी माझ्याकडे वर आली. फोनमधल्या बाबांच्या आवाजानं तिच्याच्यानं घरात बसवत नव्हतं. आईचं काय होत असेल, असं तिचं म्हणणं. तिनं सगळे शब्द स्वतःच्या आवाजात भरून आणले होते. मला तिचं पटलं. आम्ही दोघी खाली काकूंपाशी जाऊन बसलो. तार माझ्या हातात होती.

"काकू," मी म्हटलं, "ताईचा आवाज टाकून देऊ का फोनमध्ये? काकांचा काढून?"

काकूंनी फोन उचलला, सावकाश बोट ठेवलं.

"नाही. पुनः प्रस्तुत करें."

काकांचा तो आवाज, चष्म्याच्या वरून बघणारा. ताईनं तोंडावर हात धरला. मला हसूही फुटलं आणि रडूही. मी तार गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि विचारलं, "मग हाच राहू देऊ, काकू? काकांचाच?"

काकूंनी आमच्या दोघींकडे पाहिलं आणि शेजारचं बटण दाबलं.

"हव," काका म्हणाले, आणि कुकरची शिट्टी झाली.

ताई गॅस बंद करायला उठली, दोन पावलं गेली आणि परत येऊन आईपाशी बसली.